मायटर सॉवर लाकूड सरकतंय? नुसतं 'गट्टी (घट्ट) धर' म्हणून भागत नाही, या चुका टाळा

गणपती जवळ आले की आमच्या बेळगावात घरोघरी मखराची तयारी सुरू होते, आणि आता मायटर सॉ, म्हणजे लाकूड पाहिजे त्या कोनात कापायचं मशीन, घेऊन घरीच फ्रेम करणारे पण लई झालेत. खरं सगळ्यांची तक्रार एकच, ४५ चा कट मारला तरी कोपरा बसत नाही, फट राहते. मग सगळे अँगलच्या मागं लागतात, अर्धा डिग्री इकडं, अर्धा तिकडं, परत कट, परत फट. मी पण हेच करायचो, सागवानाच्या दोन सहा फुटी पट्ट्या अशाच तुकडे होऊन गेल्या, तेव्हा शेजारचे मिस्त्रीकाका आले आणि बघून म्हणाले, "अँगलला हात लावू नको रे, आधी पेन्सिल मार."

पेन्सिल मार म्हणजे काय, तर मागच्या फेन्सवर, म्हणजे लाकूड जिला टेकवतो त्या उभ्या पट्टीवर, कागदी टेपचा तुकडा लावायचा, पट्टी टेकवायची आणि लाकडावरून टेपवर जाईल अशी एक सरळ रेघ मारायची, ब्लेडपासून लांब. मग नेहमीसारखा कट मारायचा, ब्लेड पूर्ण थांबू द्यायचं आणि वाकून बघायचं रेघ जुळते का. माझी रेघ जवळजवळ दीड मिलिमीटर सरकली होती, आणि हाताला काहीसुद्धा कळलं नव्हतं.

सरळ ९० च्या कटला असं सहसा होत नाही. कारण ब्लेडचे दात खालच्या बाजूला फेन्सकडं जातात, म्हणजे मशीनच लाकडाला मागं दाबून धरते. ब्लेड ४५ ला वळवलं की तोच धक्का तिरका बसतो, जेवढा फेन्सकडं तेवढाच बाजूला. हँडल उजवीकडं वळवलं असेल तर लाकूड डावीकडं पळायला बघतं, डावीकडं वळवलं तर उजवीकडं. इकडं वर्कशॉपमध्ये हे झालं की पहिलं ओरडतात, "गट्टी धर की!" खरं अ‍ॅल्युमिनियमची गुळगुळीत फेन्स, त्यावर रंधा मारलेली गुळगुळीत पट्टी, तिथं कितीही गट्टी धरलं तरी हात थकतो आणि शेवटच्या इंचाला सुटतोच.

म्हणून पहिली चूक ही, क्लॅम्प असून न वापरणं. मशीनबरोबर येतो तो उभा क्लॅम्प बऱ्याच जणांच्या डब्यात तसाच पडून असतो, दहा सेकंद वाचवायला. लावा की तो. बारीक बीडिंगवर वळ उठेल असं वाटत असेल तर खाली प्लायचा तुकडा ठेवा.

दुसरा इलाज माझ्या सगळ्यात आवडीचा, फेन्सला पॉलिश पेपर चिकटवणं. १२० किंवा १५० नंबरचा घ्या, मागून डबल टेप लावा, फेन्स आधी थिनरनं पुसून घ्या नाहीतर टेप धरत नाही. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पेपर ब्लेडच्या दोन्ही बाजूंच्या फेन्सवर सारखाच लावायचा. मी आधी फक्त डाव्या बाजूला लावला होता, त्या जाडीनं लांब पट्टी फेन्सला तिरकी बसायला लागली आणि मग खरोखरच अँगल बिघडला. लावून झाल्यावर गुण्या (सुताराचा काटकोन) लावून एकदा ९० तपासा. फेन्सच्या बुडाला साठलेला भुसा पण ब्रशनं काढत जा, तो पण तसाच पट्टीला पुढं ढकलतो.

स्टॉपर म्हणून ठोकळा लावणारे हुशार, खरं बाजू बघून लावा. लाकूड डावीकडं आहे आणि हँडल उजवीकडं वळवलंय तर डावीकडच्या टोकाला लावलेला ठोकळा लाकडाला अडवतो. हँडल डावीकडं वळवलं की लाकूड त्या ठोकळ्यापासून लांब पळतं, तिथं क्लॅम्पच लागतो. आणि कापून पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला ठोकळा कधीच नको, ब्लेड आणि ठोकळ्यात अडकलेला तुकडा गोळीसारखा उडतो.

वाकडी पट्टी हा आमच्याकडचा वेगळाच त्रास. खानापूर भागात पावसाळ्यात लाकूड ओलं मिळालं की आठवड्यात पीळ धरतंय. अशी पट्टी ठेवताना फुगलेली बाजू फेन्सला टेकवायची आणि कट जिथं मारायचा तिथं फट नको. उलटी ठेवली तर अर्ध्या कटला लाकूड ब्लेडला चिमटा घेतं आणि झटका बसतो. लांब पट्टीचं दुसरं टोक हवेत लोंबत असेल तर त्याला पण मशीनच्या उंचीचा आधार द्या. पडद्याच्या रॉडसारखं गोल लाकूड असेल तर ते सरकत नाही, फिरतं, त्याला व्ही खाचेचा ठोकळा करून त्यात बसवायचं.

आता लहान तुकडे, आणि हे मी अगदी कळकळीनं सांगायलोय. ब्लेडपासून सहा इंचाच्या आत हात नको, म्हणजे नकोच. दोन इंचाचा तुकडा पाहिजे तर तो लांब पट्टीच्या टोकाचा कापा, आधी छोटा करून मग कोन मारायला जाऊ नका. हात क्रॉस करून धरू नका. हातमोजे घालून तर अजिबात नको, फिरत्या ब्लेडनं कापड पकडलं की हात आत ओढला जातो.

एवढं करून पण सरकत असेल तर ब्लेड बघा. दातांवर राळ जमून काळं झालेलं किंवा बोथट ब्लेड कापत नाही, ढकलतं. फ्रेमच्या कामाला दहा इंची ब्लेड ६० ते ८० दातांचं घ्या, कमी दातांचं लाकडाला ओरबाडतं. ब्लेड पूर्ण स्पीडला आल्यावरच हळू खाली आणा, आणि कट झाल्यावर हँडल खालीच धरून बटण सोडा. खेड्यात व्होल्टेज कमी, त्यात बारीक वायरची लांबलचक एक्स्टेन्शन, मग मोटार दमते आणि ब्लेड लाकडात अडकायला लागतं, तेव्हा वायर जाड आणि आखूड घ्या.

आणि रेघ जुळली तरी फट राहिलीच तर कटच्या तोंडाकडं बघा. तोंडावर पायरी किंवा गोलाई दिसली तर लाकूड मधेच हललंय. तोंड सरळ आहे पण चारी कोपऱ्यांना सारखीच फट, तर अँगल चुकलाय, आठ कटांत अर्धा अर्धा डिग्री धरली तरी शेवटच्या कोपऱ्याला चार डिग्री जमा होते. अँगल पण बरोबर असेल तर समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून टोकं बोटानं चाचपा, लांबी केसभर कमीजास्त असली तरी नखाला लागते.