समतेचा तास घ्यायचाय? गोष्ट आदल्या रात्रीच उतरवून ठेवा
वर्गात समता, भेदभाव असलं काही शिकवायचं असंल तर भाषण देऊ नका, लेकरं पेंगतात. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर साईटवर मराठीत ढीगभर गोष्टी फुकट आहेत, पीडीएफ आदल्या रात्रीच मोबाईलमधी घेऊन ठेवा कारण आमच्या परभणीकडं ऐन तासाला रेंज जाते म्हंजे जातेच. एखादी गोष्ट वाचायची अन् लगेच संविधानाचं भेदभावाला बंदी घालणारं कलम १५ काढायचं, कुणालाच अडवायचं नाही अशा जागांत त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट चक्क नाव घेऊन लिहिलेत (मला बी आधी माहीत नव्हतं). मी वर्गात मग एवढंच विचारलं, गावात टँकर आला की पहिली घागर कुणाची लागते? मागच्या बाकावरची पोरगी, वर्षभर तोंड न उघडलेली, पाच मिनिटं बोलत होती. चार्टबिर्ट नंतर करा.