थंडीत ऊद-व्हॅनिलाचा वास दिवसभर टिकवायचा असेल तर

डिसेंबरात सकाळी मारलेला परफ्यूम डबा खायच्या वेळेपर्यंत उडून जातो आणि आपण बाटलीला नावं ठेवतो. ऊद (अगरच्या लाकडाचा गंध) आणि व्हॅनिलाचा जड, गोड वास खरं तर याच दिवसांतला. फक्त कोरडी पडलेली त्वचा तो धरून ठेवत नाही.

१. आंघोळीनंतर अंग नुसतं टिपून घ्या. मनगटं, कोपराची आतली बाजू आणि गळ्याखालचा खळगा इथे बिनवासाची पेट्रोलियम जेली मुगाच्या दाण्याएवढी चोळा. खोबरेल नको, त्याचा वास व्हॅनिलात घुसतो.

२. त्यावर वीतभर अंतरावरून एकेक फवारा. मनगटं एकमेकांवर घासू नका.

३. वाळू द्या, मग स्वेटर चढवा. अंगाच्या उबेने वास गळ्यापाशी हळूहळू वर येत राहतो. वरून स्वेटरवर मारलं तर ती ऊब मिळत नाही.

स्प्रेऐवजी अत्तर असेल तर कापसाचा छोटा फाया कानाच्या वरच्या घडीत खोचायची जुनी पद्धत अजूनही झकास.

तासाभराने वास येईनासा झाला म्हणून पुन्हा मारू नका. आपलं नाक सरावतं, शेजारच्याचं नाही. बंद एसी ऑफिसात तर हा वास डोकं उठवतो.

एक सांभाळा: व्हॅनिलाचा वास देणाऱ्या व्हॅनिलिनमुळे असे परफ्यूम बाटलीत हळूहळू तपकिरी होतात. पांढरा शर्ट, रेशमी साडी किंवा पश्मिना यांवर थेट फवारलंत तर डाग पडू शकतो.