एका ओळीचा तपास: मध्ययुगीन इंग्रजी कवितेतला वादग्रस्त शब्द स्वतः कसा पडताळायचा

केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजच्या एका लॅटिन प्रवचनात वेड नावाच्या वीराच्या हरवलेल्या इंग्रजी गीताच्या काही ओळी आहेत. 1896 मध्ये एम. आर. जेम्स यांना त्या सापडल्या. त्यातला एक शब्द ‘एल्फ’ असा वाचला गेला आणि वेडची कथा अद्भुत जीवांची ठरली. चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर मात्र वेडचा उल्लेख ट्रॉइलसच्या प्रेमकथेत आणि व्यापाऱ्याच्या कथेतही करतो. तिथे असल्या भुताटकीचं काय काम, याचा उलगडा होईना. 2025 मध्ये जेम्स वेड आणि सेब फॉक या केंब्रिजच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की लेखनिकाने डब्ल्यूच्या जागी वाय काढला होता. शब्द ‘लांडगे’ असा होता. एका अक्षरापायी सव्वाशे वर्षं एक अख्खी कथा चुकीच्या कप्प्यात पडून राहिली.

असा तपास घरी बसून करता येतो. तीन आवृत्त्या, हस्तलिखिताचं एक छायाचित्र, एक कोश आणि छंदाचे दोन नियम एवढं पुरतं. एका ओळीला दोन-तीन संध्याकाळी लागतात. दहा ओळी एकदम धरल्या तर एकही धड होत नाही.

कविता कोणती निवडायची

सुरुवात एकाच हस्तलिखितात टिकलेल्या कवितेपासून करा. ‘पिअर्स प्लाउमन’ला पन्नासहून जास्त हस्तलिखितं आहेत आणि ए, बी, सी अशी तीन रूपं, नवखा माणूस पाठभेदांच्या जंगलात शिरतो आणि परत येत नाही. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ची गतही फार वेगळी नाही. ‘सर गावेन आणि हिरवा सरदार’ मात्र एकाच हस्तलिखितात आहे. 2530 ओळी, कवी अज्ञात, भाषा चेशर-स्टॅफर्डशरच्या सीमेवरची, काळ चौदाव्या शतकाची अखेर.

हे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याचा क्रमांक ‘कॉटन नीरो ए.एक्स’. विचित्र दिसतो, पण अर्थ साधा आहे: रॉबर्ट कॉटनच्या ग्रंथालयात कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते. नीरोचं कपाट, ए हा खण, त्यातलं दहावं पुस्तक. तो एक्स म्हणजे रोमन दहा. अक्षर समजून शोधलंत तर सूचीत भलतंच काही हाती लागेल.

छापील ओळीमागचा संपादक

आता आवृत्त्या. मॅडनची 1839 ची पहिली आणि मॉरिसची 1864 ची, या दोन्ही फुकट मिळतात आणि म्हणूनच लोक त्यांच्यावर थांबतात. इतिहास म्हणून त्या ठेवा, आधार म्हणून नको. टॉल्किन आणि गॉर्डन यांची 1925 ची आवृत्ती नॉर्मन डेव्हिसने 1967 मध्ये सुधारली, ती हवीच. अँड्र्यू आणि वॉल्ड्रन यांची 1978 ची पुढे अनेकदा सुधारून निघाली आहे; मिळेल ती शेवटची घ्या. तिसरी पटर आणि स्टोक्स यांची 2014 ची. या दोघांचं छंदावर स्वतंत्र काम आहे, त्यामुळे पहिल्या दोघींशी तुलना करायला ती चांगली.

प्रस्तावनेतला ‘पाठाविषयी’ हा भाग सगळ्यात आधी वाचा. संपादक हस्तलिखिताला किती धरून राहतो आणि छंदासाठी किती सोडतो, हे तिथे कळतं. मग तळटीप. तिची रचना ठरलेली असते: आधी छापलेला शब्द, मग उलटा चौकोनी कंस (]), मग हस्तलिखितातला शब्द. म्हणजे कंसाच्या डावीकडे संपादक, उजवीकडे लेखनिक. ही बाजू उलटी वाचणं ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली असेल, त्यांना हे काम ओळखीचं वाटेल. तिथे संशयित पाठाखाली नागमोडी रेघ असते, त्यामुळे डोळा आपोआप अडखळतो. इंग्रजी आवृत्त्यांत ही सोय सहसा नसते. दुरुस्त केलेली ओळ शेजारच्या निर्विवाद ओळीइतक्याच ठामपणे छापलेली असते.

ओळ 2511

कवितेच्या शेवटी आर्थर राजाचा सरदार गावेन हिरवा पट्टा अंगावर बांधून राजदरबारात परततो. पट्टा त्याच्या खोटेपणाची खूण आहे आणि जन्मभर तो वागवणार, असं तो सांगतो. पुढची ओळ हस्तलिखितात अशी: ‘फॉर मोन मे हीदेन हिज हार्मे, बॉट उनहॅप ने मे हिट.’ काही संपादक ‘मोन’ ठेवतात, काही ‘नोन’ करतात. ‘मोन’ म्हणजे माणूस, ‘नोन’ म्हणजे कोणीही नाही.

‘मोन’ ठेवलं तर: माणूस आपला दोष लपवू शकेल, पण सोडवून टाकू शकणार नाही. इथे ‘उनहॅप’ क्रियापद आहे आणि ‘हिट’ सर्वनाम. ‘नोन’ केलं तर: दोष लपवू पाहणाऱ्या प्रत्येकावर अरिष्ट कोसळतंच. आता ‘उनहॅप’ नाम झालं, ‘हिट’ क्रियापद झालं, आणि ‘बॉट’ने ‘पण’ सोडून ‘तसं घडल्याशिवाय’ असा अर्थ घेतला. पहिलं अक्षर हललं आणि अर्ध्या ओळीचं व्याकरण फिरलं. म्हणून अशा जागी शब्द कधीच एकटा तपासू नका, पूर्ण वाक्य दोन्ही प्रकारे अन्वयासकट लिहून काढा.

छायाचित्र कसं पाहायचं

कॅलगरी विद्यापीठाच्या प्रकल्पाने या हस्तलिखिताची चांगली छायाचित्रं प्रसिद्ध केली आहेत. ब्रिटिश लायब्ररीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ऑक्टोबर 2023 मध्ये सायबर हल्ला झाला, त्यामुळे जुन्या लेखांतले तिथले दुवे अनेकदा उघडत नाहीत. गोलांत्स यांची 1923 ची छायाप्रत कृष्णधवल आहे आणि तिच्यात शाईचा डाग आणि अक्षर यांतला फरक करणं अवघड जातं.

पान शोधताना एक खड्डा आहे. या हस्तलिखितावर पानांचे दोन क्रमांक आहेत, जुना शाईचा आणि नंतरचा पेन्सिलचा, आणि दोघांत चारचा फरक आहे. गावेन एका हिशेबाने 91 व्या पानावर सुरू होते, दुसऱ्याने 95 व्या. लेखात दिलेल्या पानावर ओळ सापडली नाही तर आधी चार पानं पुढे-मागे पाहा.

या काळच्या हस्ताक्षरात आय, एन, एम, यू ही सगळी आखूड उभ्या रेघांची बनतात. एनला दोन रेघा, एमला तीन, आणि जोडरेघ अनेकदा इतकी पुसट की नुसतं कुंपण दिसतं. त्यामुळे अक्षर ‘ओळखू’ नका, रेघा मोजा. त्याच पानावरचे निर्विवाद असे पाच-सहा एम आणि तितकेच एन कापून एका फाइलीत शेजारी ठेवा, मग शंकेचं अक्षर त्यांच्यामध्ये बसवा. दुसऱ्या पानावरचे नमुने चालत नाहीत, कारण शाई आणि लेखणीची धार बदललेली असते. कुठे अक्षर पुसलेलं असेल तर समोरच्या पानावर त्याचा उलटा ठसा उमटला आहे का ते पाहा आणि छायाचित्र आरशासारखं फिरवून वाचा.

आपल्या ओळीत तीन रेघा आहेत. ‘मोन’. इथे वाचन संपलं. पण ‘काय लिहिलंय’ आणि ‘कवीने काय रचलं होतं’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि निम्मे वाद ते एकत्र कालवल्याने होतात. दुसऱ्या प्रश्नासाठी लेखनिकाच्या जागी बसा: कुठल्या शब्दावरून कुठला शब्द चुकून होईल? समोर ‘नोन मे’ असताना पुढच्या शब्दाचा एम हाताला आधीच ओढतो आणि ‘मोन मे’ होतं. अशी चूक सहज घडते, म्हणून दुरुस्तीवाल्यांचा मुद्दा हवेतला नाही.

कोश आणि त्याचा चकवा

मिशिगन विद्यापीठाचा मध्य इंग्रजी कोश 2001 मध्ये पूर्ण झाला आणि आता ऑनलाइन फुकट आहे. ‘मोन’ तिथे ‘मॅन’च्या नोंदीत शोधा, एऐवजी ओ हा बोलीचा फरक आहे. उदाहरणांपुढे दोन सनावळ्या असतात. आधी येते ती हस्तलिखिताची, कंसातली रचनेची. गावेनपुढे सुमारे 1400 आणि कंसात प्रश्नचिन्हासह सुमारे 1390 दिसतं. शब्द भाषेत कधी आला हे ठरवताना या दोहोंची अदलाबदल झाली तर सगळा युक्तिवाद कोसळतो.

मोठा चकवा वेगळाच आहे. कोशातली बरीच उदाहरणं छापील आवृत्त्यांतून उचललेली असतात. म्हणजे एखाद्या विरळ अर्थाला कोशात एकच उदाहरण असेल आणि ते तुमचीच ओळ असेल, तर कोश तुम्हाला संपादकाचंच मत परत सांगतो आहे. त्याला दुसरा साक्षीदार धरू नका.

छंदाची कसोटी

ही कविता अनुप्रासावर चालते. ओळीचे दोन भाग, प्रत्येकात किमान दोन आघात, म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या जागा; नेहमीच्या घडणीत पहिले तीन आघात एकाच ध्वनीचे, चौथा वेगळा. पहिलीच ओळ घ्या: ‘सिथेन द सेज अँड द असॉट वॉझ सेसेद अ‍ॅट ट्रॉय.’ ‘सेज’, ‘असॉट’, ‘सेसेद’ जुळतात, ‘ट्रॉय’ सुटा राहतो. ‘असॉट’मध्ये जुळतो तो आघात असलेला ‘सॉ’, शब्दाचं पहिलं अक्षर नव्हे. मराठी अनुप्रासाच्या सवयीने शब्दारंभ मोजायला गेलात की हे निसटतं.

दुसऱ्या भागाचा नियम डग्गन आणि केबल या छंदाच्या अभ्यासकांनी 1980 नंतर स्वतंत्रपणे मांडला. दोन आघातांच्या आधीच्या जागांपैकी एकाच जागी दोन किंवा जास्त आघातहीन अक्षरं (इथे उच्चाराचे तुकडे) हवीत, दोन्हीकडे नकोत. ‘वॉझ सेसेद अ‍ॅट ट्रॉय’मध्ये आधी एक, मध्ये दोन. बसलं. आता ‘बॉट उनहॅप ने मे हिट’. क्रियापद मानून ‘हॅप’वर आघात दिला तर आधी दोन आणि मध्येही दोन, नियम मोडतो. नाम मानून ‘उन’वर दिला तर आधी एक, मध्ये तीन, बसतं, आणि स्वराचा एचशी अनुप्रास हा कवी चालवून घेतो. छंद ‘नोन’कडे झुकतो खरा, पण आघात कुठे द्यायचा हे आपणच ठरवलं, हे विसरू नका. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरण्याची जागा ती हीच.

तरीही इथे कौल ‘मोन’ला द्यावासा वाटतो. पुढची ओळ म्हणते, ते एकदा चिकटलं की कधीच वेगळं होणार नाही. ‘लपवता येईल, सोडवता येणार नाही’ याच्या मागे ती सरळ येते. ‘अरिष्ट कोसळेल’च्या मागे ती थोडी ओढून आणावी लागते. शिवाय अर्थ लागतो आहे तोवर एकुलत्या साक्षीदाराला खोटं ठरवायला नुसता छंद अपुरा पडतो.

आधी कोण काय म्हणालं

स्वतःचा कौल लिहून झाल्यावरच लेख शोधा, आधी नव्हे. कुठलाही गाजलेला लेख मिळाला की त्यानंतरची उत्तरंही काढा. चॉसरचा लेखनिक अ‍ॅडम पिंकहर्स्ट होता ही लिन मूनी यांची 2004 ची घोषणा अजून अनेक ठिकाणी सिद्ध सत्य म्हणून छापली जाते, पण हस्ताक्षराच्या त्या ओळखीवर पुढे गंभीर आक्षेप आले. सेसिली शॉम्पेन प्रकरणात 1380 च्या दस्तऐवजातला ‘राप्टुस’ हा लॅटिन शब्द 1873 पासून चॉसरवरच्या बलात्काराच्या आरोपाचा आधार मानला जात होता. 2022 मध्ये युअन रॉजर आणि सेबास्टियन सोबेकी यांनी नवे कागद पुढे आणले आणि तो खटला नोकरी सोडण्याच्या वादाचा, चॉसर आणि सेसिली त्यात एकाच बाजूला, असं चित्र मांडलं. 2022 आधीचा लेख त्या मुद्द्यावर वापरायचा तर तारीख बघूनच.

नोंद ठेवताना एका ओळीला एक कागद पुरे: ओळ क्रमांक, दोन्ही पानक्रमांक, रेघांची मोजणी, प्रत्येक आवृत्तीचा पाठ तिच्या वर्षासह, कोशातले अर्थ आणि उदाहरणं किती व कुणाची, छंदाची मोजणी, आणि कौल. छायाचित्राची प्रत उतरवून घ्या आणि पाहिल्याची तारीख लिहा. नुसता दुवा ठेवू नका.