परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांगली-मिरजेतल्या घरांचा नकाशा

मिरजेत सतार शिकायला परदेशी मुलं येतात, त्यांना हॉटेलपेक्षा घरात राहायचं असतं. खोली द्यायला तयार असलेल्या काकू-मावशींची यादी माझ्याकडे होती. पत्ते मात्र असे: ‘मारुतीच्या देवळामागं, गिरणीसमोर.’ यादी गुगल माय मॅप्सवर (स्वतःचा नकाशा बनवायची गुगलची सोय) चढवली, तर निम्म्या पिना भलतीकडेच. एक तर थेट कृष्णेच्या पात्रात!

मग पत्त्यांचा नादच सोडला. प्रत्येकीला व्हॉट्सअॅपवर दारातून लोकेशन पाठवायला सांगितलं (हे काम नातवंडांनी केलं). यादीच्या शीटमध्ये त्या लोकेशनचे अक्षांश आणि रेखांश असे दोन वेगळे रकाने केले आणि आयात करताना पिनांसाठी तेच निवडले. आपल्याकडं अक्षांश १६ नं सुरू होतो, रेखांश ७४ नं. ते उलटे पडले की घर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं.

२०१९ च्या पुरात पाणी शिरलेल्या घरांचा वेगळा थर केला. पावसाळ्यात येणाऱ्यांना तो आधी दाखवतो. सांगली-मिरज वडापचे (सीटवर भाडं घेणाऱ्या खासगी गाड्यांचे) थांबेही हातानं टाकले, कारण मुलांना स्वतःच्या गाडीचा नाही, वडापचा रस्ता कळायला हवा.

एकट्या राहणाऱ्या आजींची पिन घरावर नाही, कोपऱ्यावरच्या चौकात ठेवली. नक्की दार कुठलं, ते राहायचं ठरल्यावर फोनवर. लिंक फक्त पाहण्यापुरती. आणि प्रत्येक पिनेच्या वर्णनात यजमानांसाठी एक ओळ: परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची (आधी या फॉर्मला ‘फॉर्म सी’ म्हणत). घरगुती खोली असली तरी.