लाइट गेल्यावर माशांच्या टाकीचा संप ओसंडू नये म्हणून

ओव्हरफ्लोचं काम सोपं आहे. टाकीतलं पाणी ठरलेल्या उंचीला आलं की कंगव्यासारख्या दात्यांतून पेटीत सांडतं, पाइपने खालच्या संपात, म्हणजे गाळणीच्या टाकीत, उतरतं, फोम आणि सिरॅमिक रिंगांतून गाळत शेवटच्या कप्प्यात येतं. तिथून पंप ते रिटर्नच्या पाइपने परत वर चढवतो.

काचेला भोक टाकी जोडण्याआधीच पाडून घ्या. टफन्ड काच असेल तर नादच सोडा, ती फुटते. काठावर लटकवायची सायफनची, म्हणजे नळीने पाणी काठावरून आपोआप खाली ओढणारी, पेटी घेऊ नका. तिच्या वाकड्या नळीत हवा साठली की पाणी उतरायचं थांबतं, पंप मात्र चढवतच राहतो.

आता खरी मेख. लाइट गेली की पंप थांबतो आणि रिटर्नचा पाइप उलटा सायफन बनतो. त्याचं तोंड जितकं खोल, तितकं पाणी खाली येतं. 4 फूट बाय दीड फूट टाकीत पाणी 5 सेंटीमीटर उतरलं, म्हणजे सुमारे 28 लिटर. 2 फूट बाय 1 फूट संपात तेच पाणी 15 सेंटीमीटर चढतं. माझ्या पहिल्या टाकीत ते तोंड वीतभर खोल होतं. दुपारी लाइट गेली, संध्याकाळी घरी आलो तर ओघळ शेजाऱ्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेलेला.

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लावा, असा सल्ला हमखास मिळतो. त्याच्यावर विसंबू नका. वाळूचा एक कण किंवा बारीक गोगलगाय अडकली की तो नीट मिटत नाही. रिटर्नचं तोंडच पृष्ठभागाखाली दोन बोटांवर आणा. ते जमत नसेल तर पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला 4 मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते, सायफन तुटतो.

मासे सोडण्याआधी चालू पंपाचा प्लग काढून बघा. पाणी चढायचं थांबल्यावरही संपाचा काठ चार बोटं मोकळा हवा. नसेल तर पाणी कमी करून पुन्हा तपासा. मग पंप चालवा, पातळी स्थिरावली की शेवटच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा. बाष्पीभवनाची घट याच कप्प्यात दिसते, त्यामुळे रोजची भर इथेच, रेघेपर्यंतच. उन्हाळ्यात दोन दिवस गावाला जायचंय म्हणून जास्तीचं भरून ठेवू नका.

पाइपचं भोक शेवाळाने बुजतं. दर रविवारी त्यात टूथपिक फिरवा.