वॉर्डातले दिवे बंद झाल्यावर बायबलचं वचन कसं आठवेल?

आई जालन्याच्या दवाखान्यात होती. रात्री दिवे बंद. बायबल उशाशी असून वाचता येईना, आणि घाबरल्यावर ओळखीचं वचनही आठवेना. म्हणून दुखणं यायच्या आधीच पाठ करा.

१. बायबलातलं स्तोत्र २३ घ्या, सहाच वचनं आहेत. आठवड्याला एक.
२. चिठ्ठीवर फक्त पहिली अक्षरं लिहा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हणजे ‘प मा में आ’. चिठ्ठी पिठाच्या डब्यावर चिकटवा आणि भाकरी थापता थापता मोठ्याने म्हणा. थापेच्या ठेक्यावर म्हटलेलं जिभेवर बसतं.
३. आधी पाठ झालेली वचनं झोपताना एकदा म्हणा.

चौथं, मृत्युच्छायेच्या दरीचं, सावकाश घ्या. रात्री तेच लागतं.

मात्र रडणाऱ्या माणसाला वचनं ऐकवत सुटू नका. आधी हात धरून बसा. त्याने ‘म्हण’ म्हटलं तरच म्हणा.