डर्ट बाइकमधून आवाज येतोय? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात पांदणीतून घरी येताना माझ्या गाडीला 'टक टक' लागली. डांबरीवर आलो तरी थांबेना. बीडच्या एका गॅरेजात गाडी जागेवर रेस करून ऐकली आणि टायमिंग चेन (इंजिनच्या आत वाल्व्हचा दांडा फिरवणारी) गेली म्हणाले. ती चेन बदलली, तिला ताठ ठेवणारा टेन्शनर बदलला, आठ दिवस गाडी आत. आवाज जसाच्या तसा.

शेवटी गावातल्या ट्रॅक्टरवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. एवढंच विचारलं, "क्लच दाबल्यावर आवाज ऱ्हातो का जातो?" हा प्रश्न तोपर्यंत मला कुणीच विचारला नव्हता.

गाडी उभी ठेवून निदान करू नका

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. मोकळ्या, सरळ रस्त्यावर 25-30च्या स्पीडला क्लच दाबा आणि रेस सोडा. इंजिन मंदावलं तरी ठोका त्याच लयीत चालू राहिला, तर तो चाकाचा: चाक फिरवणारी चेन, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्री), बेअरिंग, डिस्क, तारा. रेससोबत ठोकाही मंदावला तर इंजिन किंवा क्लचकडे बघा.

मग ठोके मोजा. एक्सपल्स, हिमालयनसारख्या गाड्यांचं पुढचं चाक 21 इंची. टायरसकट त्याचा एक फेरा साधारण 2.2 मीटरचा, म्हणजे 20च्या स्पीडला सेकंदाला अडीच फेरे. ठोका त्याच लयीत असेल तर चाक तपासा. त्याहून संथ असेल तर चेन. मागच्या स्प्रॉकेटला 40 दात आणि चेनला 120 कड्या असतील, तर चेनचा एक फेरा चाकाच्या तीन फेऱ्यांत होतो. एखादी कडी जाम झाली की तीन फेऱ्यांत एकदाच वाजते. आणि चाकाच्या एका फेऱ्यात तीनेक ठोके पडत असतील तर इंजिनजवळचा पुढचा स्प्रॉकेट; तो लहान असल्यानं तेवढ्यात तीनेकदा फिरतो.

माझा ठोका हाच होता. मामांनी स्प्रॉकेटचं कव्हर काढलं. आत काळी माती वाळून विटेसारखी झालेली, तिच्यात मुरमाचा खडा रुतलेला, आणि स्प्रॉकेट जागेवर धरणाऱ्या लॉक प्लेटचा ढिला बोल्ट दर फेऱ्याला त्या खड्यावर आपटत होता. गाडी न्यूट्रलला उभी असताना पुढचा स्प्रॉकेट फिरतच नाही. म्हणजे जागेवर रेस केलेल्या गाडीत तो आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं.

आधी धुऊ नका

आपली माती पाण्यानं फुगते आणि वाळली की दगड होते. पण तिच्यावरच पुरावा असतो. काय कुठं घासतंय तिथं चकचकीत रेघ उमटते. इंजिन गार्डमध्ये अडकलेली पऱ्हाटी, तारांना लागणारं धसकट, गार्ड आणि इंजिनच्या मधला खडा धुण्याआधीच दिसतो. नंतर धुवा, पण प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर धरू नका. सील ओलांडून रेती आत जाते.

दिसली ढिली की आवळ, हे चेनला चालत नाही

डर्ट बाइकचं मागचं सस्पेन्शन खूप खाली-वर होतं. ते दबताना पुढचा स्प्रॉकेट, स्विंग आर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) पिन आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते. उभ्या गाडीवरच ती ताठ केली, तर उडीत सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. कंपनीच्या पुस्तकात दिलाय तेवढा झोल ठेवाच. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून चार जागी झोल बघा.

बाकीच्या तपासण्या पाच मिनिटांच्या. ब्रेकला नुसतं बोट लावल्यावर खडखड थांबली तर पॅड हलतोय. पुढचा ब्रेक धरून गाडी मागंपुढं ढकला. हँडलच्या बुडाशी 'टक' जाणवली तर कोन सेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग. तारांवर छोट्या पान्यानं वाजवा. ढिली तार बद्द वाजते.

कान जिकडं म्हणतील तिकडंच पाना लावू नका

आवाज चेसीसमधून प्रवास करतो. मागचा खडखडाट टाकीखालून आल्यासारखा वाटतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या केसिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा, तीन-चार जागा ताडून बघा. गळ्यातलं उपरणं आधी काढून ठेवा, चेनपासून हात लांब.

वरून येणारी बारीक टिकटिक बहुधा टॅपेटची, म्हणजे वाल्व्हच्या फटीची असते. वाल्व्ह उघडणारा कॅम इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या, क्रँकच्या, निम्म्या वेगानं फिरतो म्हणून ती संथ लागते. टॅपेट इंजिन थंड असतानाच सेट करायचे असतात. पण खालून जड 'ठक ठक' येत असेल, चढावर वाढत असेल, तर तिथंच इंजिन बंद करा. गाडी सरळ धरून ऑइल बघा. साइड स्टँडवर लेव्हल चुकीची दिसते. ऑइल बरोबर असलं तरी पुन्हा स्टार्टर मारू नका, गाडी छोट्या हत्तीत घालून न्या.

गॅरेजात गेल्यावर नुसतं "आवाज येतोय" म्हणू नका. किती स्पीडला, कोणत्या गिअरला, गरम का थंड, क्लच दाबल्यावर काय होतं, हे सांगा. आणि मिस्त्रीला मागं बसवून एक चक्कर मारून आणा.